अकरा तारीख

शिरसीच्या दवाखान्यात डॉक्टरबाईंनी नागवेणीला विचारलं, पाळी कधी आली होती. उत्तर दिलं ते तिच्या आयीनं.

"अकरा तारखेला. दर महिन्याला अकरालाच बाहेर बसते. घड्याळ लावून घ्यावं."

आयीच्या आवाजात कौतुक होतं. नागवेणी टेबलाच्या कडेकडे बघत राहिली. आज रक्तस्रावाचा नववा दिवस होता. सकाळी पडवीत सुपारी सोलताना डोळ्यांपुढे अंधारी आली आणि ती सोललेल्या सुपारीच्या ढिगावरच कलली, तेव्हा रक्त जातंय हे घरात कळलं.

दोन वर्षांपूर्वी पाळी पहिल्यांदा चुकली, तेव्हा ती एकवीस वर्षांची होती. मग दोन-दोन, तीन-तीन महिने येईना. घरात आयी, भावाची बायको शरावती आणि ती, तिघी बायका. मागच्या खोलीत चटई कुणाची आणि कधी पडते, हे सगळ्यांना ठाऊक. शरावती अत्तिगेनं एकदा हसत विचारलं, "काय गं नागू, रजा घेत नाहीस हल्ली? शिलकीत टाकतेस की काय?" सगळ्या हसल्या, नागवेणीही हसली. पण त्याच आठवड्यात चुलतबहिणीचं, शुभदाचं, ठरलेलं लग्न मोडलं. कारण बायका आवाज खाली आणून सांगत होत्या. तिचं वेळेवर नसतं म्हणे.

पुढच्या अकरा तारखेला नागवेणी आपणहून म्हणाली, "मी बाहेर बसते." तीन दिवस चटईवर बसली. आयीनं लांबून ताटात वाढलं, ते जेवली. न वापरलेली पॅडं कागदात गुंडाळून न्हाणीच्या चुलीत जाळली. चौथ्या दिवशी डोक्यावरून न्हाऊन घरात आली. मग दर महिन्याला तेच.

पण शरीर कुणाचं ऐकत नव्हतं. कंबर भरत गेली. हनुवटीवर राठ केस येऊ लागले. ते ती न्हाणीची कडी लावून दोऱ्यानं काढायची. मानेची घडी काळवंडली. आयी बेसन लावून ती लाल होईस्तोवर घासायची आणि म्हणायची, "पाहुणे काय नुसतं तोंड बघून जाणार आहेत?" काळेपणा जाईना, तेव्हा आळशी म्हणून बोलणीही खायची नागवेणीनंच.

आणि या महिन्यात, खोटे तीन दिवस संपून आठवडा झाल्यावर, घरात पूजा असताना खरी पाळी आली. आता सांगायचं कसं? तिनं नैवेद्याचं पायस ढवळलं, देवापुढे दिवा लावला. रात्री अंथरुणात तिला स्वतःचीच भीती वाटली.

"नागवेणी," डॉक्टरबाई म्हणाल्या, "तू सांग."

ती आयीकडे न बघता म्हणाली, "आयी, ते खोटं होतं."

आयीला आधी कळलंच नाही. कळल्यावर ती एवढंच म्हणाली, "आणि मी दीड वर्ष तुला लांबून वाढत होते?"

त्या दिवशी रक्त थांबायचं औषध मिळालं. रक्त तपासलं, सोनोग्राफी झाली. आठवड्यानं डॉक्टरबाईंनी दोघींना समोर बसवून समजावलं. याला पीसीओएस म्हणतात. पुष्कळ मुलींना असतं. हार्मोन्सचा तोल बिघडतो, बीज वेळेवर तयार होऊन बाहेर पडत नाही, म्हणून पाळी लांबते. आत अस्तर साठत राहतं आणि मग असं वाहतं. सोनोग्राफीत दिसणारे ठिपके म्हणजे न वाढलेली बीजं, त्या गाठी नव्हेत. केस, वजन, सगळं त्यातलंच.

"मानेवरचा तो मळ नाही," त्या आयीला म्हणाल्या. "घासू नका."

आयीनं हात पदराखाली घेतले. मग हळूच विचारलं, मूल? होऊ शकतं, डॉक्टरबाई म्हणाल्या, कधी औषधाची मदत लागते. पण महिनोन्‌महिने पाळी येऊ न देणं धोक्याचं. पुढे मधुमेहही मागे लागू शकतो. औषध, चालणं, खाण्याकडे लक्ष, हे चालूच ठेवायचं.



दोन दिवसांनी सिद्दापूरहून एका स्थळाचा फोन आला. मुलाची आई होती. मुलगी बघायला यायचं म्हणत होती. अडचणीचे दिवस कुठले, तेवढे सोडून येऊ, असं तिनं रीतीप्रमाणे विचारलं. नागवेणी दारात उभी होती.

"अकरा ते..." आयी थांबली. फोन दुसऱ्या कानाला लावला. "तिच्या दिवसांचा नेम नाही. डॉक्टरांचं औषध चालू आहे. तुम्हाला आधी कळलेलं बरं."

 घरात विचारून कळवते, असं म्हणून त्या बाईनं फोन ठेवला.

स्वयंपाकघरातून शरावती डोकावत होती. "ऐकलंस ना?" आयी म्हणाली. "आता जा, साऱ्या केरीत, घरोघर सांगून ये." शरावती मान खाली घालून आत गेली.

सिद्दापूरचा फोन त्या दिवशी आला नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी मायलेकी पडवीत सुपारी सोलत होत्या. आयीनं हातातली सुपारी तशीच धरून विचारलं, "मी सांगून चुकले का गं?"

"नाही," नागवेणी म्हणाली. मग आपला आवाज आपल्यालाच पटला नाही असं वाटून तिनं ते पुन्हा एकदा म्हटलं.