टोपलीमागे धावणारे

मॅडमनी टोपली माझ्या हातात दिली. आत नारळाचं भकल, थोडा भात, जास्वंदीची फुलं. "डोक्यावर घे आणि फाटकापर्यंत चालत जा. मागे वळून बघायचं नाही," त्या म्हणाल्या. मग पाहुण्यांकडे वळून इंग्रजीत म्हणाल्या, आता आपण सगळ्यांनी हिच्यामागून ओरडत जायचं. पाहुणे हसत उठले. एका बाईने मोबाइल वर धरला. त्यांच्यात एक परदेशी जोडपं होतं, म्हणून सगळं इंग्रजीत चाललं होतं.

आणि मला सगळं कळत होतं. कारण इंग्रजी मला मॅडमनीच शिकवलेलं.

मॅडम कॉलेजात इंग्रजीच्या प्राध्यापक होत्या. निवृत्त झाल्यावर आमच्या गावात परतल्या आणि वडिलांच्या घरात पर्यटकांसाठी खोल्या काढल्या. मी तिथे चहा-जेवणाचं बघायचे. मी बौद्धवाडीतली. बी.ए. होऊन घरी बसलेली. मालवणच्या एका मोठ्या हॉटेलात रिसेप्शनवर जागा होती, मुलाखत इंग्रजीत. मॅडम म्हणाल्या, "मी तयार करते तुला. मॅनेजर ओळखीचा आहे, त्याच्याकडे शब्दही टाकते." असं कुणी म्हणण्याची मला सवय नव्हती. मी हुरळून गेले. वाडीत सांगत सुटले की मॅडम म्हणजे देवमाणूस.

दुपारी भांडी आवरली की पायरीवर शिकवणी. शब्दांचे गट करून शिकवायची त्यांना आवड. एकदा त्यांनी दोन गट घेतले. अजून आलेलं नाही पण डोक्यावर घोंगावतंय, त्याचे शब्द : इम्पेंडिंग, इमिनंट, लूमिंग. आणि होऊन गेलंय पण मागे उरलंय, त्याचे : रेम्नंट, रेसिड्यू, व्हेस्टिज. "पुस्तकातली वाक्यं नकोत. तुझ्या घरातलं काहीतरी सांग," म्हणाल्या.

मी बाबांचं सांगितलं. शिमगा झाला की आमच्या गावात देसरूढ काढायचे. म्हणजे येऊ घातलेली रोगराई, संकटं, गावची सगळी पीडा हद्दीबाहेर नेऊन टाकायची. वरच्या आळीतल्या अंगणात पीडा टोपलीत भरायची, आणि टोपली आमच्या वाडीतल्या कुणाच्या तरी डोक्यावर. तो पुढे, गाव मागून आरडाओरडा करत. टाकून आला की दिवसभर त्याने कुणाच्या अंगणात पाय ठेवायचा नाही. एका वर्षी आजोबा तापाने पडले होते, म्हणून टोपली बाबांच्या डोक्यावर आली. बाबा तेव्हा चौथीत. हद्दीवर पोचल्यावर त्यांनी टोपलीतला नारळ खाल्ला. भूक लागली होती. पुढे वाडीने हे काम सोडून दिलं. पण बाबा अजून नारळाचा तुकडा हातात घेत नाहीत. आमटीतला चालतो, तुकडा नाही.

ऐकताना मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. "अगं बाई, असं होतं का आपल्या गावात?" मला वाटलं, वरच्या आळीतल्या कुणीतरी पहिल्यांदाच आमचं ऐकून घेतलं. ओझं उतरल्यासारखं झालं.

तीच गोष्ट टोपलीच्या त्या दिवशी, टोपली हातात यायच्या आधी, चहासोबत पाहुण्यांना वाढली गेली. मी ट्रे धरून तिथेच उभी. पायरीवरचे सगळे शब्द त्यात आले. लूमिंग आला, इमिनंट आला. मग माझ्याकडे हात करून त्या म्हणाल्या, "अँड शी इज द लास्ट व्हेस्टिज." मोडीतली समई दाखवावी तसा हात केला. पाहुण्यांनी माना डोलावल्या. मी गिळलं. म्हटलं, शिकवणाऱ्याचा एवढा हक्क असेल.

मग मॅडम रंगात आल्या. "द बॉय वॉज क्राइंग. वी चिल्ड्रेन रॅन बिहाइंड हिम, शाउटिंग." पोरगा रडत होता, आम्ही मुलं ओरडत मागून धावत होतो.

बाबा रडले होते हे मी सांगितलं नव्हतं. मला माहीतच नव्हतं.

म्हणजे मॅडम तिथे होत्या. त्यांना सगळं आधीपासून ठाऊक होतं. मी कुणाची मुलगी हेही. आणि पायरीवर बसून डोळे पुसत मला विचारत होत्या, असं होतं का. इतका संताप मला आयुष्यात आला नव्हता. मी माझा बाप त्यांच्या ओंजळीत ठेवला होता, आणि त्या मला बनवत होत्या.

आणि वर ती टोपली. मी ती चहाच्या कपांमध्ये ठेवून दिली. मॅडमशी मी नेहमी जपून पुस्तकी मराठी बोलायचे. त्या दिवशी तोंडातून मालवणीच आली.

"तुमी पण धावलास, मॅडम?"

"अगं, लहान होतो आम्ही. काय कळत होतं?"

"माझो बापूसय ल्हानच होतो."

त्यांनी आवाज खाली घेतला. "पाहुण्यांसमोर तमाशा नको. गंमत आहे ही. सोमवारची मुलाखत विसरलीस का?"

"इसरूक नाय. कायच इसरूक नाय."

मी फाटकाकडे चालत गेले आणि मुद्दाम मागे वळून बघितलं. एकेकाच्या तोंडाकडे बघितलं. कुणी ओरडत नव्हतं. मोबाइल मात्र चालू होता.

सोमवारी मुलाखतीला गेले. मॅनेजरने नाव विचारलं, गाव विचारलं आणि फाइल मिटली. मॅडमचा फोन येऊन गेला होता, हे त्यानेच सांगितलं. शब्द टाकीन म्हणाल्या होत्या, टाकला.

घरी येऊन बाबांना विचारलं, "तुमी रडलास त्या दिवशी?"

"तुका कोणी सांगल्यान?"

मी मॅडमचं नाव सांगितलं. बाबा जाळं विणावं तशी बोटं एकमेकांत गुंतवत बसले. मग म्हणाले, "माका वाटला, कोणी बघूक नाय."

एवढी वर्षं या माणसाने तेवढ्यावर काढली होती. तेही मॅडमनी नेलं.

आता ऐकतेय, पाहुण्यांना टोपलीचा तो प्रकार फार आवडला. दिवाळीच्या सुट्टीसाठी मॅडम वाडीतली दुसरी मुलगी शोधताहेत. शेजारच्या मुलीला विचारून झालं. कपडे देणार, इंग्रजी शिकवणार, शब्द टाकणार. मी घरोघर जाऊन सांगितलंय. तरी एखादी जाईलही, गरज कुणाला चुकलीय. गेली तर फाटकात मी उभी असेन. टोपली तिथून पुढे सरकणार नाही. आणि पाहुण्यांना सगळं मी सांगेन, इंग्रजीत, त्यांना नीट कळेल असं. कुणाच्या अंगणात टोपली भरली, मागून कोण धावलं, घराण्याच्या नावासकट. बाबांचं नाव त्यात येणार नाही.