एकतीस तुकड्यांचं भेंडोळं

माझे हात कोपरापर्यंत घंगाळात होते आणि बोटांखाली कागद एकमेकांपासून सुटत होते. लाल कापडाची गाठ सैल झाली तशी एकेक पट्टी वर तरंगून आली.

"अय्यो!" मागून नणंद ओरडली. "वैनी, वंशावळ धुतलीस?"

धुतलीच होती. बाहेरून आलेली वस्तू पाण्यातून काढल्याशिवाय देवघरात न्यायची नाही, हा सासूबाईंचा नियम. चुलतसासऱ्यांकडून बसने आलेलं ते गाठोडं देवासमोर ठेवायला मला सांगितलं होतं. आत कागद आहेत हे कुणी सांगितलं नव्हतं. मी सोळा वर्षांची, चौथी शिकलेली, तंजावरहून मद्रासला लग्न होऊन आल्याला तीन महिने झालेले. मला सोवळ्याची भीती होती, कागदाची नव्हती.

त्याच दुपारी चारला नणंदेला बघायला माणसं येणार होती. मद्रासेत आमची तंजावरची मराठी घरं मोजकी, सगळी एकमेकांत गुंतलेली. मुलाकडचे आमचेच भाऊबंद निघाले म्हणून तिची दोन स्थळं आधीच मोडली होती. या मुलाच्या वडिलांनी निरोप धाडला होता, सात पिढ्या कागदावर दाखवा, मगच बोलू.

सासूबाई आल्या. घंगाळात वाकून बघितलं.

"हिला संध्याकाळच्या गाडीनं माहेरी पाठवा," त्या म्हणाल्या. "आणि कावेरीत बुचकळून काढा म्हणावं."

सासरे पायरीवर बसले. त्यांना मोडी वाचता यायची, पण डोळ्यांत मोतीबिंदू. "शाई गेली का ते बघ आधी," ते मला म्हणाले.

गेली नव्हती. "काजळी आणि लाखेची शाई आहे, ती पाण्याला भीत नाही. पट्ट्या चिकटवलेली खळ तेवढी सुटली," सासरे म्हणाले.

नणंदेनं आणि मी सगळ्या पट्ट्या गच्चीत पसरल्या आणि वाऱ्यानं उडू नयेत म्हणून वर वाट्या-फुलपात्रं ठेवली. मद्रासचं ऊन, तासाभरात कागद कडक झाले. मोजले तर एकतीस. आकडे कुठंच नव्हते. कोण बाप आणि कोण मुलगा, मला कळेना. नणंद वाट्या उचलत होती नि रडत होती.

"पालथे घाल," सासरे म्हणाले. "जिथं खळ लावली तिथं मागं बघ."

बघितलं. प्रत्येक सांध्यावर एक शब्द आडवा लिहिलेला, अर्धा या पट्टीवर, अर्धा पुढच्या. मध्ये कुणी खोटा तुकडा घुसवू नये म्हणून.

"किंवा कधीतरी तुझ्यासारखी सून येणार, हे लिहिणाऱ्याला ठाऊक असेल," सासरे म्हणाले.

मला त्यातलं एक अक्षर वाचता येत नव्हतं. पण अर्धी रेघ इथं तुटली तर उरलेली कुठं आहे, एवढं दिसत होतं. पहिली दोन टोकं जुळली तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. कुणा मेलेल्या माणसानं एका दमात ओढलेली रेघ, आणि ती माझ्या हातात परत सलग झाली. पुढं एकतिसाव्या पट्टीपर्यंत तो काटा गेला नाही. भाताची खळ करून मी सगळं चिकटवलं. उलगडलं तर एका कठड्यापासून दुसऱ्यापर्यंत गेलं आणि वळवावं लागलं. एवढी माणसं त्या पितळी घंगाळात कशी मावली होती, देव जाणे.

चारला मुलाचे वडील आले आणि गच्चीत गुडघ्यांवर रांगत रांगत वाचत गेले. मध्येच बोट टेकवून म्हणाले, "ओलं कसं?"

"आमच्या सुनेनं पूर्वजांना आंघोळ घातली," सासरे म्हणाले.

ते हसले नाहीत. सात पिढ्या संपवून उठले, गुडघे झटकले आणि म्हणाले, "नातं नाही. मुलगी बोलवा."

माझी नात फोनवर बोट ओढत बसते, त्याला स्क्रोल करणं म्हणतात. स्क्रोल म्हणजे काय, मी विचारलं. तिनं कोशात बघून सांगितलं, गुंडाळलेला लांब कागद, पण मुळात त्याचा अर्थ कापलेला तुकडा, पट्टी. इंग्रजांनाही हे ठाऊक होतं याचं मला नवल वाटलं. मी त्या पट्ट्या मोजल्या आहेत.

नणंदेचं लग्न त्याच वर्षी झालं. मला माहेरी कुणी पाठवलं नाही. त्या दुपारी गच्चीत सासू-सासरे, मुलाचे वडील, नणंद आणि मी, असे आम्ही पाच जण होतो. आता नणंद आहे आणि मी आहे.