रनेच्या वाटची खीर

आमच्या नॉर्मंडीतल्या गावात रने नावाच्या बायका पुष्कळ. नाव मूळचं लॅटिन, अर्थ ‘पुन्हा जन्मलेली’. बाप्तिस्मा झालेली प्रत्येकच मुलगी तशी, असं पाद्री सांगायचे. माझ्या शेजारणीच्या, रनेच्या, आईने मात्र ते अक्षरशः खरं धरलं. थोरली मुलगी ओदेत चार वर्षांची असताना वारली आणि वर्षभरात ही झाली. हिने दालचिनीची खीर दूर सारली की आई म्हणायची, “असं काय करतेस? तुला तर किती आवडायची!”

रनेला आयुष्यभर कुठे स्वस्थ बसवलं नाही. तीन गावं बदलली, दोन नवरे सोडले. यंदा सर्व संतांच्या सणाला, सत्तरीच्या रनेने ओदेतच्या थडग्यावर शेवंती ठेवली आणि शेजारी खिरीचा वाडगा आपटला.

“ताई, तुझ्या वाटची खूप खाल्ली. आता तुझी तू खा!”