मामांची टिंबं

वसईपासून विरारपर्यंत माझ्या मामेसासऱ्यांइतक्या उत्साहानं मयताला जाणारा माणूस झाला नाही आणि होणारही नाही. लोक लग्नाला नटतात, हे मयताला. इस्त्रीचा पांढरा शर्ट खुंटीवर कायम तयार. पापडीच्या चर्चची घंटा संथ वाजू लागली की ताटावरून उठायचे, "कोन गेला रे?" म्हणून रस्त्यालाच विचारायचे आणि उत्तर यायच्या आत शर्टात शिरलेले असायचे. हिंदू असो, ख्रिस्ती असो, खांद्याला मामा पुढे. एकदा मी धीर करून म्हटलं, "मामा, पण तुम्ही त्यांना ओळखतही नव्हता." तर म्हणाले, "मंग? आता ओळख करून घ्यायला तो परत येनार हाय का?"

मयताहून आल्यावर आंघोळीआधी घरात कशाला शिवायचं नाही, हा मामींचा कडक कायदा. मामांना मात्र नोंद ताबडतोब हवी. डोक्यावर पाणी घेताना नाव विसरलं तर? म्हणून त्यांचं कॅलेंडर घरात नव्हतंच. ते विहिरीपाशी पत्र्याखाली टांगलेलं, शेजारी सुतळीला बांधलेली पेन्सिल. तारखेच्या चौकटीत टिंब, खाली मुंगीएवढ्या अक्षरात नाव, मगच आंघोळ. जुनी कॅलेंडरं माळ्यावर. मामी म्हणायच्या, "लोकं फोटो जपतात, हे मढी जपतात!"

नव्वदच्या दशकात एका पावसाळ्यात तापाची साथ आली. ती सगळ्यांत आधी ओळखली मामींनी, आणि तीही साबणावरून. "महिनाभर पुरनारी वडी आठवड्यात संपली! न्हाताय का खाताय?" मामा चपापले. विहिरीवर जाऊन बघतात तर चौकटींत टिंबं मावेनात. गावात डॉक्टर आणि रक्ततपासणी हवी म्हणून तालुक्याच्या आरोग्य ऑफिसात अर्ज गेला. साहेबांचं उत्तर आलं, कागदोपत्री तापाचा एकही मृत्यू नाही. कोणी वयानं गेलं, कोणी हृदयविकारानं. त्यातच मामी तापानं फणफणल्या. "हिचं टिंब मी काढनार नाय," एवढंच मामा म्हणाले, आणि कॅलेंडरांची गुंडाळी काखोटीला मारून, मला ओढत निघाले.

ऑफिसात त्यांनी दर वर्षीचं त्याच महिन्याचं पान फरशीवर ओळीनं अंथरलं. साहेब हसले. "आजोबा, ही माणसं तापानंच गेली कशावरून?"

"कशानं गेली ते मी इचारतच नाय. दरसाल या महिन्यात एवढी जातात. यंदा एवढी गेली. ही वरची कुठनं आली, ते तुमी सांगा. आन साबन काय मी खात नाय!"

साबणाचं साहेबांना काही कळलं नाही. पण वाकून बघणाऱ्या शिपायाला जुन्या पानावर स्वतःच्या आजोबांचं नाव दिसलं, आणि त्यानं तिथंच चपला काढून हात जोडले. मग साहेबही खुर्ची सोडून उकिडवे बसले. बोटानं टिंबं मोजली, पुन्हा मोजली, आणि मुकाट्यानं फोन उचलला. दोनच दिवसांत गावच्या शाळेत तपासणी सुरू झाली. मामी वाचल्या, आणि उठल्या उठल्या साबणावरून भांडल्या.

मामा गेले ते कितीतरी वर्षांनी, हिवाळ्यात, निव्वळ म्हातारपणानं. स्मशानातून येऊन मी विहिरीपाशी उभा होतो. दारातून मामी म्हणाल्या, "आधी टिंब काढा, जावईबापू. नायतर चिडतील."

काढलं. महिन्याच्या पानावर तेवढं एकच. मामांच्या रीतीनं बघितलं तर गावात सगळं आलबेल होतं. मी साबणाची नवी वडी घेतली, तोंडाला भरपूर फेस फासला, आणि डोळ्यांत साबण गेल्याचं निमित्त करून मनसोक्त रडलो.