दादानं सोडलेलं मीठ

माझा दादा मीठ न खाल्ल्यामुळे गेला.

आज वर्ष झालं. "हार्ट अटॅक का?" असं कुणी विचारलं की मी वर्षभर नुसती मान हलवत आले. आज खरं लिहिते, कारण ते कुणाच्या तरी घरी उपयोगी पडेल.

संपतदादा माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. मिलिटरीतून आजारी होऊन परत आला आणि रहिमतपूरजवळच्या आमच्या गावी शेती बघायला लागला.

आजार मनाचा होता. बायपोलर. गावात म्हणायचे, "संपतचं डोकं फिरलंय."

चढ आला की त्याला अख्खं जग आपलं वाटायचं. एका उन्हाळ्यात त्यानं चारी शेजाऱ्यांच्या बांधावर न विचारता नारळाची रोपं लावली होती.

उतार आला की दोन-दोन महिने भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा.

मग साताऱ्याच्या डॉक्टरांनी लिथियम कार्बोनेट सुरू केलं. साधी पांढरी गोळी. त्या गोळीमुळे आमचा दादा आम्हाला चौदा वर्षं धडधाकट मिळाला. हे आधीच लिहून ठेवते, नाहीतर कमेंटमध्ये कुणीतरी गोळीलाच शिव्या घालायला लागेल.

मी सांगलीत ज्युनिअर कॉलेजला केमिस्ट्री शिकवते. लिथियमचं मीठ तारेवर घेऊन बर्नरमध्ये धरलं की ज्योत किरमिजी लाल होते. मुलं लगेच मोबाइल काढतात.

लिथियम कार्बोनेटचा स्वभावही तिरपागडा. साखर गरम पाण्यात जास्त विरघळते, हे बेटं कमी विरघळतं. दरवर्षी वर्गात सांगते.

दादानं एकदा विचारलं होतं, "माज्या गोळीत काय असतंय गं?"

"मीठच असतं दादा. खायच्या मिठाचं चुलत भावंड."

"मग त्या डॉक्टरचं लय मीठ खाल्लं की मी. जागाय पायजे."

आणि जागला. एक डोस चुकवला नाही. रक्तातली लिथियमची लेव्हल तपासायला न चुकता साताऱ्याला जायचा.

गेल्या वर्षी माझ्या छातीत गाठ लागली. मिरजेला बायोप्सी केली. रिपोर्ट येईपर्यंत दादा रोज फोन करायचा आणि एकच विचारायचा, "जेवलीस का?"

रिपोर्ट आला. गाठ साधी निघाली.

दादा फोनवर ढसाढसा रडला. म्हणाला, "भैरोबानं ऐकलं गं."

पंधरा दिवसांनी मला बघायला सांगलीला आला. मी त्याच्या आवडीची आमटी केली होती, वांग्याची भाजी केली होती. त्यानं कशालाच हात लावला नाही. दूध-भाकरी कुस्करून खाल्ली.

"मीठ बंद केलंय," म्हणाला.

"का रे? बीपी निघालं का?"

"तसंच समज."

मी म्हटलं, "बरं केलंस. पन्नाशीनंतर मीठ कमीच खावं."

हे मी बोलले. एमएस्सी केमिस्ट्री.

जेवण झाल्यावर पाण्याचा तांब्या उचलताना त्याचा हात थरथरला. उन्हानं असेल, म्हणाला. नवस वगैरे आहे का, असं माझ्या मनात येऊन गेलं. पण आमच्याकडे नवसाचं विचारत नाहीत. बोलून दाखवला की मोडतो म्हणतात. मी ताटं उचलायला लागले.

आठवड्यानं वहिनीचा फोन आला. दादा शेतात पडला होता.

चार दिवस उलट्या होत होत्या. चालताना झोक जात होता, जीभ जड झाली होती. गावानं निकाल लावून टाकला, "संपत प्याया लागला." जन्मात थेंब न घेतलेला माणूस.

साताऱ्याच्या हॉस्पिटलात डॉक्टरांनी विचारलं, "जेवणात काही बदल केला होता का?"

वहिनीनं माझ्याकडे बघितलं. मग मान खाली घालून म्हणाली, "ह्येंनी मीठ सोडलंय. सव्वा महिन्याचा नवस हाय. वन्संची गाठ साधी निघू दे, म्हणून बोलले हुते. कुणाला सांगू नगं म्हणून मला शपथ घातली हुती."

मला तिथं उभ्या-उभ्या सगळं कळलं.

लिथियम आणि सोडियम एकाच घराण्यातले. शरीरातलं मीठ कमी पडलं की किडनी असेल नसेल ते धरून ठेवते, आणि त्याबरोबर लिथियमही धरून ठेवते. गोळी तेवढीच घेतली तरी रक्तात ते साठत जातं. वर एप्रिलचं ऊन आणि शेतातला घाम. औषधाचं विष व्हायला फार लागत नाही.

गोळी सुरू करतानाच डॉक्टरांनी बजावलं होतं, मीठ अचानक कमी करू नका, पाणी भरपूर प्या. गोळीबरोबरचा कागद दादाला मीच वाचून दाखवला होता. पुढं सगळं सुरळीत चाललं आणि मी तो विसरून गेले.

तुमच्या घरी कुणी ही गोळी घेत असेल तर घाबरून बंद करू नका. उपवास, अळणी, उलट्या-जुलाब, काहीही असो, आधी डॉक्टरांना विचारा. आणि घरातल्या माणसानं ताटातलं काही सोडलं तर त्याला विचारा. नवस मोडला तर मोडू दे.

दादाचं डायलिसिस केलं. डॉक्टरांनी शर्थ केली. तिसऱ्या दिवशी सकाळी तो गेला.

आदल्या दिवशी थोडा वेळ शुद्धीवर आला होता. मला लय राग आला होता त्याचा. म्हटलं, "माझा रिपोर्ट तर कधीच आला होता ना? मग कशाला धरून बसलास? आणि मला का नाही सांगितलंस?"

शब्द नीट फुटत नव्हते, तरी हसला.

"तुला सांगितलं असतं, तर तू खाया लावलं असतंस."

लावलंच असतं, दादा.

धाकटीचा नमस्कार.