झिंगेवाल्या बाईची साक्ष

झिंगेवाली बाई कोर्टाच्या आवारात शिरली की तिच्या टोपलीतल्या सुक्या झिंग्यांचा वास आधी व्हरांड्यात पोचायचा. कारकून नाक मुरडायचे आणि संध्याकाळी तिच्याकडूनच झिंगे घेऊन घरी जायचे. बाकावर ती कधी बसली नाही. "थे सायेब लोकायचं हाये," म्हणायची आणि खाली फरशीवर बसायची.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या सावली गावाकडची ही बाई, तलावातल्या मासोळीवर जगणारी. जाळ्यावरून झालेल्या भांडणात तिच्या मुलाच्या हातून एक माणूस मेला, तेव्हा पोरगा सतरा वर्षांचा होता. मी त्याचा वकील. ठाण्यात तिला कोणीतरी सांगितलं, लहान पोरांना नागपूरला सुधारगृहात धाडतात. बाई धास्तावली. चंद्रपूरच्या जेलात राहिला तर भेटता तरी येईल, म्हणून साक्षीला उभी राहिल्यावर मला न विचारताच छातीठोकपणे सांगून मोकळी झाली, "एकोनीसचा हाये माहा पोट्टा." तेव्हा सोळाच्या पुढचा आरोपी मोठाच धरत, त्यामुळे त्या खोट्यानं काही बिघडलं नाही. जन्मठेप झाली आणि पोराला नागपूरलाच नेलं.

दर भेटीला ती झिंग्यांची चटणी घेऊन जायची. जेलच्या फाटकावर चटणी आत घेत नसत. मग रांगेतल्या दुसऱ्या एखाद्या आईच्या हातावर ठेवून यायची.

काही वर्षांनी कायदा बदलला. वयाची मर्यादा अठरा झाली, आणि पुढे ती जुनी शिक्षा भोगणाऱ्यांनाही लागू झाली. आमचे एक ज्येष्ठ वकील चहा फुंकत म्हणायचे, गुन्हा त्या वेळचा तर शिक्षाही त्या वेळचीच. मला त्यांचा संताप यायचा. आज ज्याला पोर म्हणता, ते काल काय म्हातारं होतं? गुन्ह्याच्या वेळी पोरगा सतराचाच होता, त्याला सोडा, असा मी अर्ज केला. पण पोराचा जन्म घरचा, शाळेचं त्यानं तोंड पाहिलेलं नाही, आणि हाडांवरून वय ठरवायला फार उशीर झालेला. उरली ती आईची शपथेवरची साक्ष. अर्ज फेटाळला गेला. हायकोर्टातही तेच.

मी सांगितलं तेव्हा बाईनं टोपली बाजूला सरकवली. मग म्हणाली, "कायदा मांगं जाते म्हनता ना, भाऊ? मंग माहं बोलनं काऊन मांगं घेता येत नाई?"

मी निकालाचे कागद फायलीत घालू लागलो.

"पोट्ट्याले माहं नाव नोका सांगू," ती म्हणाली. "कायद्यानंच नाई म्हटलं म्हना."

नागपूरच्या जेलात मी त्याला तसंच सांगितलं. आई साक्ष देत होती तेव्हा आरोपीच्या पिंजऱ्यात तोच उभा होता, हे बाई विसरली होती. जाळीपलीकडून त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"माय रडून राह्यली असन," तो म्हणाला. "तिले सांगजा भाऊ, मी खरंच एकोनीसचा होतो म्हनून."