भाताची जीभ

भाऊ मुंबईला, मी बिरवाडीच्या कारखान्यात पाळीवर, आणि आमचं भात पोलादपूरच्या अंगाला डोंगरात. म्हणजे शेत वहिनीच्याच जिवावर. गेल्या पावसाळ्यात तिच्या पायाच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या, त्या काही बऱ्या होईनात. डॉक्टरांनी चिखलात उतरायची बंदीच केली. लावणी उरकली होती, पण बेणणी, म्हणजे तण उपटणं, राहिली होती. वहिनी म्हणाली, "असं एकटीनं नाय जमायचं आता. पुढल्या साली शेत पडीक टाकते नि मुंबईला जाते." शेत पडलं की गावात आमचं उरलं काय?

दुकानातलं तणनाशक तिला चालत नाही. बांधावरचं गवत म्हैस खाते आणि शेतातल्या चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, आम्ही. मग मी शहाणपणा केला. मोबाइलवर बघून निलगिरीचा पाला उकळला, त्यात गोमूत्र आणि रिठ्याचं पाणी घातलं. वासानं म्हैससुद्धा दाव्याला हिसके देऊ लागली. वहिनीनं एकाच खाचरात मारायला परवानगी दिली. उघडीप बघून मी पंप पाठीला लावला.

चार दिवसांनी बघतो तर भाताचे शेंडे करपलेले, आणि सावा हिरवागार. सावा म्हणजे भातासारखंच दिसणारं बेरकी तण. मला भारी लाज वाटली. वहिनी बांधावर पोतं टाकून बसली होती. ती हसली नाही. म्हणाली, "तुमच्या औषधाला भात नि तण वळखता येत नाय, भावोजी. तुम्हाला तरी येतंय?"

न यायला काय झालं, म्हणत मी खाचरात उतरलो आणि ऐटीत एक रोप उपटलं. ते भाताचं निघालं.

"गळ्याशी बघा," ती म्हणाली. "पान दांड्याला मिळतं ना, तिथं भाताला जीभ असते. सावा मुका."

वाकून पाहिलं, तर खरंच तिथं नखाएवढा पांढरा पापुद्रा होता. जन्मभर हाच भात खाल्ला आणि त्याच्याकडे कधी धड बघितलं नव्हतं, याचं वाईट वाटलं.

पुढच्या सगळ्या सुट्ट्या मी बेणण्यात घालवल्या. ती बांधावरून "जीभ बघा, जीभ" करायची, मी उपटायचो, आणि सावा म्हशीपुढे जायचा. करपलेलं खाचर निम्मंच सावरलं. माझ्याही बेचक्या सोलवटल्या, तेव्हा तिनं करंजाचं तेल पुढे केलं. औषध मी अजून करतो, पण ते आता अंगणाच्या पायवाटेवरच मारतो.

भात पोटरीला आलं, लोंब्या फुटायच्या बेतात होत्या, तेव्हा वहिनीला भावाचा फोन आला. मुंबईला यायचं काय ठरलं, असं त्यानं विचारलं असणार. मी ओटीवर होतो, पण कान आत.

वहिनी म्हणाली, "भावोजी अजून दहात एक भाताचंच रोप उपटतात. त्यांच्यावर शेत टाकून मी कुठं येऊ?"